नंबर खंय लागलो?

मे महिन्यात सिंधुदुर्गात दोन गोष्टींचे भाव विचारले जातात: शेवटच्या हापूसचे आणि बारावीच्या टक्क्यांचे. पहिला प्रश्न पाऊस पडला की संपतो. दुसऱ्याचं जूनमध्ये रूपांतर होतं. वाटेत भेटलेला प्रत्येक जण विचारतो, "गो बाय, तुझो नंबर खंय लागलो?"

निकालाच्या बाबतीत कोकणाला शिकवायला कोणी जाऊ नये. २०१२ साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं स्वतंत्र कोकण विभागीय मंडळ झालं आणि तेव्हापासून राज्यातल्या नऊ विभागांत निकालाच्या टक्केवारीत कोकण वरच असतं. २०२५ साली राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के, कोकणाचा ९८.८२. बारावीत राज्य ९१.८८, कोकण ९६.७४.

आता त्याच २०२५च्या दहावीचा दुसरा आकडा बघा. राज्यात २११ मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. त्यातली ११३ लातूर विभागातली. कोकणातली ९.

विभाग लहान आहे हे खरं, पण नऊ आणि एकशेतेरा हे अंतर नुसत्या आकारानं भरून निघत नाही. सगळी मुलं पार करणं ही कोकणातल्या शाळांची कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटावाच. मात्र कॉलेजची यादी पास-नापास बघत नाही, ती कोण कोणाच्या पुढे आहे ते बघते. शिवाय गुणांइतकंच ती तुमचं गाव, तुम्ही बारावी कुठे केलीत, अर्जात कुठलं कॉलेज कितव्या क्रमांकावर लिहिलंत आणि तहसीलचा कुठला कागद हातात आहे हेही बघते. या नियमांमधल्या गमती भरपूर आहेत. मालवणच्या मुलामुलींना त्या सोळाव्या-सतराव्या वर्षी माहीत असायला हव्यात, म्हणून हा सगळा खटाटोप.

आंगणेवाडीची रांग

राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे एमएचटी-सीईटीच्या निकालात टक्के नसतात, पर्सेंटाइल असतात, आणि घराघरांत गोंधळ होतो तो इथेच. आंगणेवाडीच्या जत्रेत भराडीदेवीच्या दर्शनाची रांग आठवा. टक्के म्हणजे तुम्ही किती अंतर चाललात. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे शंभरातले किती जण उभे आहेत. पेपर सोपा असेल तर सगळेच लांब चालतात, तुमची रांगेतली जागा आहे तिथेच राहते.

म्हणून ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. पेपर कठीण गेला असेल तर त्याहून पुष्कळ कमी गुणांतही ९० पर्सेंटाइल येतं.

पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. निम्मी परीक्षा एकट्या गणिताची! आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडणं हे नुकसानच. नीट आणि जेईईची तयारी करणाऱ्या मुलांना चुकीच्या उत्तराची धास्ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की सीईटीतही ती प्रश्न सोडून देतात. हे त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा सांगावं.

परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. एका सत्राचा पेपर सोपा, दुसऱ्याचा अवघड, असं होणारच. म्हणून तुमची तुलना आधी फक्त तुमच्या सत्रातल्या मुलांशी होते. प्रत्येक सत्रात सर्वांत पुढे असणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळतं. २०२५ साली पीसीएम गटात २२ जणांना १०० मिळाले, त्याचं कारण हेच.

पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात. ही हौस नव्हे. चार लाखांवर मुलं परीक्षेला असली, की एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर मुलं बसतात आणि ०.०१ मध्ये चाळीसहून अधिक. तरीही दोघांची बरोबरी झालीच, तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात, मग भौतिकशास्त्राचं, मग रसायनशास्त्राचं. तिथेही सुटलं नाही तर बारावीचे गुण, आणि पुढे थेट दहावीचे. दोन वर्षांपूर्वीचा दहावीचा गणिताचा पेपर असा अचानक उपयोगी पडू शकतो.

पहिल्या तुकडीत मालवणचा मुलगा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. त्या मूठभर मुलांत न्यायमूर्ती रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७चा, मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथल्या इंग्रजी शाळेत मुलाला प्रवेश मिळाला. बदली झाली नसती तर? हा प्रश्न मला कायम अस्वस्थ करतो, कारण चांगल्या शाळेच्या जवळ राहायला मिळणं ही त्याही वेळी अर्धी गुणवत्ता होती.

हेच भांडारकर १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भांडारकर आणि रानडे दोघेही 'दक्षिणा फेलो' होते. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्या रकमेला वेगळी वाट फुटली. तिच्यातून ग्रंथांना बक्षिसं दिली जाऊ लागली आणि कॉलेजात शिकवता शिकवता पुढे शिकणाऱ्या हुशार तरुणांना फेलोशिप मिळू लागली. श्रावणी दक्षिणेचा पैसा असा विद्यापीठाच्या गुणवंतांपर्यंत पोचला.

मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तर घराघरांत स्वप्नासारखी होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. तेही कोकणातलेच, रायगडच्या बाजूचे. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

आणि शिष्यवृत्तीबरोबर येणाऱ्या अटी? त्याही जुन्याच. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. आज सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एक वर्ष सरकारी सेवेचा बंध असतो आणि तो मोडला तर दहा लाख रुपये भरावे लागतात.

जाता जाता: मालवणच्या अ. शि. दे. टोपीवाला हायस्कूलवरचं आणि मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेजवरचं नाव एकाच घराण्याचं आहे, आपल्या टोपीवाले देसायांचं.

घर मालवणात, विद्यापीठ कलिन्याला

मालवणहून कोल्हापूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई पाचशेच्या. तरी सिंधुदुर्गाचं विद्यापीठ कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ नव्हे, मुंबई विद्यापीठ. सर्टिफिकेटासाठी, पुनर्मूल्यांकनासाठी, नाव दुरुस्तीसाठी मुंबईत कलिन्याच्या वाऱ्या करणाऱ्या पिढ्यांनी याबद्दल पुष्कळ सोसलं आहे. कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी त्यातूनच आली. आता सावंतवाडीला आणि रत्नागिरीला उपकेंद्रं आहेत, त्यामुळे थोडं हलकं झालं.

पण प्रवेशाच्या वेळी याच पाचशे किलोमीटरचा मोठा फायदा आहे, आणि तो फारशा घरांत कुणी सांगत नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. विद्यापीठ ठरतं तुम्ही बारावी कुठून झालात त्यावर. म्हणजे मुंबईतल्या अशा कॉलेजात आचऱ्याच्या मुलीचा हक्क दादरच्या मुलीइतकाच. पुण्याची, नाशिकची, कोल्हापूरची मुलं तिथे तीस टक्क्यांच्या रांगेत उभी असतात, आपण सत्तरच्या.

कटऑफच्या यादीतली ती चमत्कारिक अक्षरं याचीच असतात. 'जीओपनएच' मधला शेवटचा एच म्हणजे होम, आपल्या विद्यापीठाची जागा. शेवटी ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाची, एस असेल तर सगळ्या राज्याला खुली. सुरुवातीचा जी सर्वांसाठी, एल फक्त मुलींसाठी. एकाच कॉलेजात, एकाच शाखेत एच आणि ओ यांचे कटऑफ बऱ्यापैकी वेगळे असतात. भलत्या रकान्यातला आकडा बघून "आपल्याक खंय मिळतला" म्हणत मुलं यादीतून चांगलं कॉलेजच काढून टाकतात. हे फार वाईट वाटतं, कारण जागा त्यांचीच असते.

वैद्यकीयला अशी प्रादेशिक वाटणी पूर्वी होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग आणि ७०:३०चं प्रमाण. सप्टेंबर २०२०मध्ये ती रद्द झाली. लगेच पुढच्याच, २०२१-२२च्या वर्षी ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. त्यातल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ टक्के राज्याच्या यादीतून भरतात. त्यात सिंधुदुर्गासाठी राखीव अशी एकही नाही. कॉलेज आपल्या अंगणात, रांग सगळ्या महाराष्ट्राची.

कुंभारमठच्या शासकीय तंत्रनिकेतनात मात्र प्रवेश परीक्षाच नाही. दहावीच्या गुणांवर डिप्लोमा, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्याला सीईटीची भीती वाटते पण हात कामात चालतो, त्याच्यासाठी ही वाट सरळ आहे. तिला दुय्यम समजणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही.

बांद्याच्या पलीकडे बारावी

हा मुद्दा दोडामार्ग, बांदा, सातार्डा, रेडी इथल्या घरांनी कापून ठेवावा.

गोवा जवळ आहे. आईवडिलांची नोकरी तिकडची, क्लास तिकडचे, कधी मामाचं घर तिकडे. दहावीनंतर मुलाला म्हापशाला किंवा डिचोलीला घालणं अगदी स्वाभाविक वाटतं. पण अकरावी-बारावी हद्दीच्या कुठल्या बाजूला केली यावर पुढची बरीच दारं उघडतात किंवा बंद होतात.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशात राज्य कोट्यासाठी मुख्य नियम असा की अधिवास महाराष्ट्राचा हवा आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. काही अपवाद आहेत, सरकारी नोकरीतल्या बदल्या वगैरे, पण शेजारच्या राज्यातलं कॉलेज सोयीचं होतं, हा अपवाद नाही. अभियांत्रिकीत नियम थोडा सैल. दहावी-बारावी इथली आणि जन्म किंवा अधिवास इथला असेल तर उमेदवार 'ए' प्रकारात. ते जमलं नाही पण आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर 'बी' प्रकारात वाट असते.

उलटी गंमत एनआयटीची. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि इथे राज्य ठरतं बारावी कुठून केली त्यावर, घर कुठे आहे त्यावर नाही. महाराष्ट्राची एनआयटी नागपूरला, मालवणपासून हजारेक किलोमीटर. गोव्याची एनआयटी कुंकळ्ळीला, सकाळी निघालात तर दुपारच्या आत पोचाल. तरी मालवणातून बारावी झालेल्या मुलाला नागपूर 'घरचं' आणि कुंकळ्ळी 'परकं'. म्हापशातून बारावी झालेल्या दोडामार्गच्या मुलाला बरोबर उलट. म्हणजे एकाच निर्णयानं एक दार उघडतं आणि दुसरं लागतं. मुलाला डॉक्टर व्हायचंय की इंजिनीअर, हे निदान घरात बोलून मग हद्द ओलांडावी.

तिकडे बेळगाव, निपाणी, कारवारच्या बाजूला याच्या उलट मायेचा नियम आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतली, मराठी मातृभाषा असलेली मुलं कर्नाटकात शिकूनही महाराष्ट्राच्या प्रवेशात 'ई' प्रकारात येतात.

ऑप्शन फॉर्म आणि नोबेल

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या दोन गणितज्ञांनी अमेरिकेत एक छोटा निबंध छापला. विषय: कॉलेजचे प्रवेश आणि टिकाऊ लग्नं. मुलांच्या पसंतीची यादी आणि कॉलेजांच्या पसंतीची यादी दिली, तर अशा जोड्या लावता येतात का, की नंतर कोणाही मुलाला आणि कोणाही कॉलेजला एकमेकांकडे पळून जावंसं वाटू नये? येतात, आणि कशा लावायच्या तेही त्यांनी दाखवलं. पन्नास वर्षांनी, २०१२ साली, शेपलींना याबद्दल अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर. गेल तोवर वारले होते. २०१५पासून आयआयटी आणि एनआयटीच्या जागा एकत्र वाटल्या जातात, त्यामागचं गणित याच निबंधातून आलेलं आहे.

आपल्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशफेरीत, हिशोब आणखी सरळ. गुणवत्ता क्रमानं एकेकाचं नाव येतं, त्याच्या ऑप्शन फॉर्मच्या यादीतलं वरून पहिलं जे उपलब्ध असेल ते त्याला मिळतं. यावरून एक गोष्ट निघते जी पालकांना पटता पटत नाही: वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. "जे मिळणारच नाही ते लिहून नंबर कशाला फुकट घालवायचा?" असं म्हणतात. नंबर फुकट जात नाही. वरची दहा नावं तुमच्या आवाक्याबाहेरची असली तरी अकराव्या नावावर तुमचा हक्क तसाच राहतो.

सांभाळायचं ते दुसरीकडे. २०२५पासून अभियांत्रिकीच्या चार फेऱ्या झाल्या आणि जागा आपोआप गोठण्याचा नियम आला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ती जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हेच, तिसरीत पहिल्या सहांना. म्हणून शेजारच्या घरातल्या दादाची यादी उतरवून काढू नका. पहिल्या ओळीत तेच लिहा जे मिळालं तर त्याच दिवशी पेढे वाटाल.

अकरावीलाही आता हाच खेळ. मुंबईत ऑनलाइन प्रवेश २००९ला आले, सिंधुदुर्गात पोचले २०२५ला, जेव्हा सगळ्या राज्याला एकच प्रक्रिया लागू झाली. अर्जात जास्तीत जास्त दहा पसंती, आणि पहिली पसंती मिळाली की प्रवेश घेणं बंधनकारक. तोवर आपल्याकडे अकरावी म्हणजे दाखला घेऊन वरच्या मजल्यावरच्या ज्युनिअर कॉलेजात जाणं. दोन गावांत मिळून एक कॉलेज असलेल्या पोरीनं दहा पसंती कुठून आणायच्या, हा रास्त प्रश्न आहे.

पटापट पाच

कृषी पदवीच्या प्रवेशात सातबारा चालतो! घरची शेतजमीन असल्याचा उतारा जोडला तर गुणांचा अधिभार मिळतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२चं, आणि त्याचं उद्यानविद्या महाविद्यालय आपल्याच कुडाळ तालुक्यात, मुळद्याला.

दहावीच्या निकालात इंटरमिजिएट ड्रॉइंग, शास्त्रीय नृत्य-संगीत, लोककला आणि खेळ यांचे वाढीव गुण मिसळतात. शंभर टक्क्यांच्या यादीमागचं एक कारण हेही आहे. दशावतारात, भजनात, फुगडीत आणि समुद्रात पोहण्यात वाढलेल्या मुलांच्या जिल्ह्यात शाळांनी हे प्रस्ताव वेळेत पाठवले, तर किती फरक पडेल!

सहा विषयांपैकी उत्तम पाचांची टक्केवारी धरायची, हे आज सगळ्यांना स्वाभाविक वाटतं. पण २०१०मध्ये त्यावरून प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी राज्य मंडळाच्या मुलांना अकरावीच्या ९० टक्के जागा देण्याचा निर्णय न्यायालयानं रद्द केला होता.

२०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. कोकणचा निकाल १०० टक्के लागला. अकरावीसाठी २१ ऑगस्टला घ्यायची ठरलेली सीईटी उच्च न्यायालयानं १० ऑगस्टला रद्द केली.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांची, चौथं वर्ष केलं तर 'ऑनर्स'. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ऑनर्सची निवड बारावीच्या गुणांवर नाही, कॉलेजात काय केलं त्यावर. उशिरा फुलणाऱ्या मुलांसाठी ही मला फार आवडलेली तरतूद.

टेक्सासचा नियम कोकणाला हवा

अमेरिकेत टेक्सास राज्यानं १९९७ साली कायदा केला: राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. शाळा शहरातली असो की कुठल्या कोपऱ्यातली, तुलना फक्त तुमच्या शाळेतल्या मुलांशी. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठात गर्दी इतकी झाली की तिथे हा आकडा आधी सहा टक्क्यांवर आणि २०२६च्या तुकडीसाठी पाचावर आणावा लागला. तत्त्व तसंच राहिलं.

तिकडच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीतही भूगोल आहेच. नॅशनल मेरिट ही अमेरिकेतली नामांकित शिष्यवृत्ती अकरावीतल्या एका परीक्षेवर ठरते, पण कटऑफ प्रत्येक राज्याचा निराळा. न्यू जर्सीचा देशातल्या सर्वांत वरच्यांत. तिथल्या एडिसनला राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलीला जे गुण अपुरे पडतात, त्याच गुणांवर दुसऱ्या राज्यातली तिची मावसबहीण निवडली जाते.

आपल्याकडे शाळेच्या तुलनेत मूल कुठे आहे हे कुठलाच फॉर्म विचारत नाही. क्लास नाही, प्रयोगशाळा बेताची, एसटी चुकली की दिवस गेला, अशा शाळेतून पहिली आलेली मुलगी आणि लातूरच्या किंवा दादरच्या क्लासमधून विसावी आलेली मुलगी यांच्यात जास्त दम कुणात आहे, हे सात दशांश स्थळांनाही सांगता येत नाही. निदान ओरोसच्या शंभर जागांपैकी काही तरी शाळानिहाय गुणवत्तेनं भराव्यात असं मला मनापासून वाटतं.

बंदीच्या दोन महिन्यांतली फी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला घेतलेली, घरात येणं शून्य. आणि प्रवेशाच्या फेऱ्या, जागा स्वीकारण्याचे हजार रुपये, पहिली फी, वसतिगृहाची अनामत, सगळं नेमकं याच दिवसांत. मालवण, देवबाग, तळाशील, सर्जेकोटच्या घरांना पैशाच्या योजना माहीत असणं म्हणूनच जास्त गरजेचं.

सगळ्यात गमतीची योजना 'टीएफडब्ल्यूएस'. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, ट्यूशन फी माफ. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि बाकी सगळं मेरिटवर. त्यामुळे त्याच कॉलेजात, त्याच शाखेत या जागेचा कटऑफ साध्या जागेपेक्षा सहसा वर असतो. फुकटची जागा मिळवायला जास्त गुण लागतात. एकदा घेतली की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये हिचा कोड वेगळा लिहावा लागतो आणि तिथेच बरीच मुलं चुकतात.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. मुलींना २०२४-२५पासून पूर्ण शंभर टक्के, परीक्षा फीसुद्धा. पण एक अट मोठ्या अक्षरात: प्रवेश कॅप राउंडमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईघाईनं जागा घेतली की ही सवलत गेली. जुलैत घाबरून असा प्रवेश घेणाऱ्या आईवडिलांना कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, असं दर वर्षी वाटतं.

तयारी मात्र फार आधी सुरू होते. आठवीत एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, शाळा सरकारी किंवा अनुदानित. आपली 'स्कॉलरशिप' परीक्षा १९५४-५५पासूनची. चौथी-सातवीला होती, २०१६-१७ला पाचवी-आठवीला गेली आणि आता पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. आजोबांनी ज्या वर्गात दिली, नातू त्याच वर्गात देणार!

आणि कागद. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, ज्यांना लागू असेल त्यांना नॉन क्रिमीलेअर आणि जात पडताळणी. नॉन क्रिमीलेअर प्रवेशाच्या वर्षी पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं, मागच्या वर्षीचं घरात पडलेलं चालत नाही. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे १ एप्रिलनंतर सेतू केंद्रात अर्ज टाकायचा. एप्रिलात तिथे गर्दी नसते. निकालाच्या आठवड्यात तालुक्यातली सगळी घरं एकदम तिथे असतात, बाहेर पाऊस असतो, आत सर्व्हर डाऊन असतो आणि ऑप्शन फॉर्मची मुदत संध्याकाळी पाचला संपत असते.